भिकूची होडी आणि माझा दोरीचा शॅकल

एकतीस वर्षं मी न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात शॅकल सांभाळले, आणि त्या एकतीस वर्षांत एकही शॅकल हातात धरला नाही. शॅकल म्हणजे यू अक्षरासारखं लोखंडी कडं. उघड्या तोंडाला आडवी पिन घालून पेच आवळला की दोर, साखळी, हूक, जे काय असेल ते एकमेकांना जोडता येतं. आमच्या यार्डात असे चौदाशे होते. कुठला किती टनाचा, कधी तपासला, कधी बाद केला, हे सगळं माझ्या रजिस्टरात असे, आणि माझी सही झाल्याशिवाय क्रेनवाला रिकामा डबासुद्धा जमिनीवरून बोटभर उचलू शकत नसे. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, ‘आपले चांगदेवभाऊ, स्टोअरचे,’ आणि हातात नारळ दिला. मी नागावला घर बांधलंय, दारात बावीस माड आहेत, आणि मला नारळ. मी तो घेतला. हे विषयांतर झालं, पण माझ्या मनात काय साचलं होतं ते आधी कळलेलं बरं.

नागावच्या घरात दोन खोल्या पाहुण्यांना देतो. देतो म्हणजे कृष्णाबाई देते. कृष्णाबाई ही माझी पत्नी. बुकिंग ती घेते, स्वयंपाक ती करते, पाहुणे तिला नमस्कार करून जातात. माझ्याकडे गरम पाण्याचं बटण आणि गेट अशी दोन खाती आहेत. अशा परिस्थितीत माणसाला गावात एक तरी जिवाभावाचा माणूस लागतो. माझा भिकू. खाडीकाठच्या कोळीवाड्यात राहतो, स्वतःची होडी आहे, आणि माझ्या रजिस्टरच्या गोष्टी तो जाळं विणता विणता ऐकून घेतो. मध्येच ‘व्हय’ म्हणतो. आमच्या घरात तेवढंही कोणी म्हणत नाही.

पावसाच्या आधी होडी पाण्याबाहेर काढून उंडीच्या झाडाखाली शाकारून ठेवायची, ही कोळीवाड्याची दरवर्षीची रीत. ट्रॅक्टर त्या चिखलात येत नाही, म्हणून होडी माणसांनीच ओढायची. आदल्या दिवशी भिकूची आई सोनाबाई घरोघर फिरून सांगते, उद्या होडी काढायची हाय. सांगितलं की प्रत्येक घरातून माणूस आलाच पाहिजे, मग भिकूशी त्याचं वाकडं असो की नसो. होडीशी कुणाचं भांडण नाही, असं तिथे म्हणतात. आणि न सांगता मात्र कोणी दुसऱ्याच्या होडीला हात लावत नाही.

भिकूचं वाकडं होतं ते सख्ख्या धाकट्या भावाशी. शिवदास सहा वर्षांपूर्वी मासेमारी सोडून समुद्रावर पाहुण्यांना रबराच्या केळ्यावर बसवून फिरवायला लागला. भिकूनं एकदा चार माणसांत विचारलं, “बापाच्या दर्यावर केली इकतोस काय रं?” तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. पण होडी काढायच्या दिवशी शिवदास येतोच. दोरावर पहिला भिकू, त्याच्या मागे दुसरा शिवदास, ही जागा बापाच्या वेळेपासूनची. भिकू हाळी देतो, ‘हैऽऽ’. शिवदासनं मागून ‘होऽऽ’ म्हणायचं, आणि त्या ‘हो’ला सगळ्यांनी ओढायचं. सहा वर्षांत दोघा भावांमध्ये झालेलं बोलणं एवढंच. सोनाबाई झाडाखाली पालथ्या पाटीवर बसून ते ऐकते. वर्षभर तिला दुसरं काही नको असतं.

हे सगळं मला माहीत होतं. पुढचं वाचताना कृपया हे ध्यानात ठेवावं.

यंदा एप्रिलात भिकू सहज म्हणाला की होडीच्या कड्याला दोर जोडायचा त्याचा शॅकल गंजून कामातून गेला, गेल्या वर्षी पिनेवर हातोडा मारताना अंगठा फुटला, आणि ओढायला माणसंही पूर्वीसारखी राहिली नाहीत, निम्मी पाहुणे सांभाळतात. एवढंच बोलून तो चहा प्यायला लागला. पण शॅकल हा शब्द निघाला होता, आणि तो माझ्यासमोर निघाला होता. मला रात्रभर झोप आली नाही.

मोबाइलवर एक उन्हानं भाजलेला गोरा माणूस दोरीपासून शॅकल करताना मी पाहिला होता. लोखंडाचा अंश नाही, गंजत नाही, पाण्यावर तरंगतो, आणि भार पेलतो तो टनांत. तत्त्व सदऱ्याच्या काजा-बटणाचं. ही कृत्रिम धाग्याची दोरी आतून पोकळ असते, वेणीसारखी बारा पेडांची. तीच दोरी तिच्याच पोटातून ओवायची, एका टोकाला लहान-मोठा होणारा फास ठेवायचा, दुसऱ्या टोकाला सुपारीएवढी गाठ मारायची. फासातून गाठ बाहेर काढली आणि फास सरकवला की झालं. वरून जितकी ओढ बसेल तितका तो घट्ट. मी पंचवीस मीटर करडी दोरी मागवली. पाकिटावर पाच टनांचा आकडा होता.

पहिल्या शॅकलला चार दिवस लागले, आणि तो पुरा झाल्यावर कळलं की गाठ फासात शिरतच नाही. दुसऱ्याची गाठ फासात शिरली आणि तशीच परत बाहेर आली. तिसऱ्याचं माप चुकलं, तो कृष्णाबाईच्या मनगटात बसला. ती म्हणाली, हौसेनं काही घडवलंत एकदाचं, आणि दिवसभर तो घालून फिरली. पाहुण्यांनी तिला विचारलं, ही बांगडी कुठे मिळते.

शेजारच्या दीपेशचंही होमस्टे आहे, आणि जगात त्याला ठाऊक नाही असं काही नाही. तो रोज सकाळी कुंपणावर कोपरं टेकून उभा राहू लागला. दोरी आधी खोबरेल तेलात भिजवा म्हणाला. मी भिजवली, तर ती हातात ठरेना. मग म्हणाला गाठीत चिकटद्रव्य घाला. मी घातलं, तर माझी दोन बोटं दोरीला चिकटली आणि दुपारी आलेल्या पाहुण्यांचं स्वागत मला पंचवीस मीटर दोरीसकट करावं लागलं. दीपेशच्या बायकोनं गावात सांगितलं की चांगदेवभाऊंनी राख्यांचा धंदा काढलाय. संशोधकाला हे सोसावंच लागतं.

दोरी दोरीच्या पोटातून ओवायला मी बॉलपेनची रिफिल, विणायची सुई आणि सायकलची तार वापरून पाहिली. शेवटी कृष्णाबाई हात पुसत आली, म्हणाली, परकरात नाडी घालतात तसंच आहे की हे, आणि सेफ्टीपिन लावून कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आत शॅकल पुरा करून पुन्हा आत गेली. गाठ नीट, फास नीट. तोच पुढे होडीला लागला. तो माझ्या देखरेखीखाली झाला, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

आता प्रश्न प्रमाणपत्राचा. बिनशिक्क्याचा शॅकल वापरायला मी आयुष्यात परवानगी दिली नव्हती, ती भिकूच्या होडीला कशी देऊ? अलिबागला एका कार्यालयात गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज पुढे ओढला आणि विचारलं, धातू कोणता? मी म्हटलं, धातू नाही, दोरी आहे. ते म्हणाले, शॅकलच्या अर्जात धातूचा रकाना रिकामा चालत नाही, आणि दोरीच्या अर्जात शॅकल बसत नाही. त्यांचं म्हणणं मला मनातून पटलं, मीही असंच केलं असतं. त्यांनी वरच्या मजल्यावर पाठवलं, तिथून मागच्या इमारतीत. तिथल्या बाईंनी शॅकल कौतुकानं हातात घेतला, गाठीवरून बोट फिरवलं आणि मला हस्तकला प्रदर्शनाचा फॉर्म दिला. पुरुषांना स्टॉल नव्हता, म्हणून मी कृष्णाबाईच्या नावानं सही करून घरी आलो. त्या दिवशी मला एकतीस वर्षं ज्यांना मी परत पाठवलं त्या सगळ्या क्रेनवाल्यांची आठवण झाली.

मग चाचणी आपणच घ्यायची ठरवली, आणि ती आपणहून चालून आली. मे महिन्यात पाहुणे गाड्या वाळूत घालतात आणि भरती आली की गाडी चाकापर्यंत रुतते. अशीच एक पांढरी गाडी रुतली होती, आत एक कुटुंब, आणि दीपेशनं लांबूनच ओरडून सांगितलं की आमच्या भाऊंकडे पाच टनाची राखी आहे. शिवदासचा, त्याची बोट पाण्यात ने-आण करायचा ट्रॅक्टर समुद्रावरच उभा होता. त्याच्या दोराला मी शॅकल जोडला, आणि शॅकल गाडीला लावायचं काम दीपेशनं अंगावर घेतलं. त्यानं तो भलत्याच ठिकाणी अडकवला. ट्रॅक्टर निघाला तो गाडीचा पुढचा बंपर घेऊनच. शॅकलवर ओरखडासुद्धा नव्हता. मी हे गाडीमालकाला आनंदानं दाखवायला गेलो ही माझी चूक झाली. गाडी शेवटी पंधरा-वीस माणसांनी ढकलून काढली, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं.

शिवदासनं तो शॅकल हातात घेऊन उलटसुलट पाहिला. शांत माणूस, गळ्यात शिट्टी, पाय कायम ओले.

“कुनासाठी केलात, भाऊ?”

मी म्हटलं, भिकूच्या होडीसाठी. यंदा गाव गोळा करायला नको. गॅरेजवाल्याची चेनपुली झाडाला टांगायची, हा शॅकल लावायचा, दोन माणसं बास.

त्यानं शॅकल माझ्या हातात परत दिला. म्हणाला, दहा तारखेला न्हावा शेव्याला टगवर, जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, कामाला लागतोय, बायकोपोरांना घेऊन तिकडेच राहायचं, खोली बघून झाली. आधीच जाणार होता, पण पुनवेपर्यंत थांबला होता. पुनवेच्या भरतीला होडी काढतात.

“मंग बरं झालं,” तो म्हणाला. “म्हंजे मला यायला नको.”

“अजिबात नको,” मी म्हटलं. “निवांत जा.”

हे मी हसत हसत म्हटलं.

इथेही थांबलो असतो तर एक वेळ चाललं असतं. पण मी तसाच कोळीवाड्यात गेलो. भिकू जाळं विणत होता. मी त्याला बंपरची हकिकत सांगितली, आणि बोलता बोलता सांगितलं की शिवदास भेटला होता, म्हणाला बरं झालं, आता मला यायला नको. भिकूचा हात थांबला.

“असं म्हनला?”

“असंच म्हणाला.”

त्यानं खाली बघून दोन फेरे विणले. मग म्हणाला, “लाव तुझा शॅकल. आनि आयेला सांग, घरोघर फिरू नको म्हनावं.”

सोनाबाईला तो निरोपही मीच दिला. ती बाहेर निघायला नवं लुगडं नेसून बसली होती. तिनं ऐकून घेतलं आणि आत जाऊन रोजचं नेसून आली. मी तेव्हा चेनपुली आणायच्या गडबडीत होतो.

पुनवेला भर दुपारी पाणी भरलं. होडी काठाला लागली, खाली गोल ओंडके सरकवले, उंडीच्या बुंध्याला चेनपुली बांधली, होडीच्या नाकाच्या कड्यात कृष्णाबाईचा शॅकल. मी साखळी ओढत होतो आणि भिकू ओंडके मागून काढून पुढे लावत होता. आवाज फक्त साखळीचा, खडखड खडखड. होडी वीत वीत वर येत होती. कोळीवाडा जाळी वाळत घालायच्या जागेवर हाताची घडी घालून उभा होता. कोणी पुढे आलं नाही, कारण कोणाला सांगितलंच नव्हतं. मला मात्र वाटलं, लोक थक्क होऊन बघतायत. मी दोनदा थांबून त्यांच्याकडे पाहून मान हलवली.

तीन वाजता होडी झाडापासून दोन-तीन हातांवर आली, चेनपुलीला त्यापुढे ओढायला जागा नव्हती. तिथेच दोर बुंध्याला बांधून त्यात शॅकल अडकवला, आणि चेनपुली गॅरेजवाल्याला परत करायला पाठवून दिली. भिकू घरी गेला. सोनाबाई पाटीवर बसलेलीच होती.

“दोघांनीच काढली?” तिनं विचारलं.

“दोघांनीच, आये,” मी म्हटलं.

“मढं न्यायलाबी चार लागतात, बाबा.”

ती उठली आणि चालायला लागली. पाटी तिथेच राहिली, म्हणून मी ती घेऊन मागून गेलो. दारात तिनं पाटी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, औंदा हाळी न्हाय झाली. रागानं नाही, सगळं आवरून झाल्यावर एखादी गोष्ट राहिली असं सांगावं तसं म्हणाली. मग विचारलं की शिवा दहा तारखेला जातोय ते खरं काय. मी म्हटलं, खरं. तिनं मान हलवली.

मी घरी आलो. कृष्णाबाई जवळा निवडत होती. शॅकल टिकला का, असं तिनं विचारलं नाही, तिला सगळं आधीच कळलं होतं.

“अहो, ते दोघे वर्षातून एकदा तोंड उघडतात, तुम्हाला ठाऊक नव्हतं का?”

मी म्हटलं, ठाऊक होतं.

“मग?”

मग काय. मी टन मोजले होते. किती माणसं कमी लागतील ते मोजलं होतं, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. मी तिच्यासमोर बसून जवळा निवडू लागलो. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मला माझी स्वतःची लाज वाटली, आणि ती दडवायला आमच्या घरात जागा नाही, दोन्ही खोल्यांत पाहुणे होते.

पुनवेपेक्षा दुसऱ्या दिवशीची भरती मोठी असते. भिकूच्या होडीच्या मागच्या टोकाला बाराच्या सुमाराला पाणी लागणार, हे मी सकाळीच हिशेब करून काढलं. होडी उतारावर, खाली ओंडके तसेच, आणि तिला धरून ठेवणारी वस्तू एकच. साडेअकराला मी पिशवी घेऊन कोळीवाड्यात गेलो. कृष्णाबाईला काय करणार ते सांगितलं होतं. तिनं पिशवीत स्वतःच्या हातानं सुरी घातली.

भिकू घरी जेवत होता. झाडाखाली सोनाबाई एकटी बसली होती. मी पिशवी खाली ठेवली. शॅकल उघडायला गेलो तर उघडेना. भार असताना तो सुटत नाही, हा त्याचा मोठा गुण पाकिटावर ठळक छापला होता. मग सुरी काढली. सुरी दोरीवरून घसरत होती, पाच मिनिटांत तिची धार गेली आणि दोरीचे चार धागे उसवले. पण ज्याची चौदाशे शॅकलांवर सही होती त्या माणसाला एक गोष्ट ठाऊक होती, की ही दोरी टनाला भीत नाही, आगीला भिते. त्यासाठी मी घरून गॅसचा लायटर आणला होता. तो नुसत्या ठिणग्या पाडणारा निघाला. मी भर दुपारी झाडाला टेकून टकटक ठिणग्या पाडत बसलो, आणि पाणी होडीच्या मागे येऊन लागलं.

सोनाबाईनं कनवटीतून काडेपेटी काढून माझ्यापुढे धरली.

“वारा हाय,” ती म्हणाली. “हाताचा आडोसा कर.”

सात काड्या विझल्या. आठवीला दोरी आक्रसली, काळी पडली, घाण वास सुटला, आणि पाच टनाचा शॅकल साधा फट् आवाज करून गेला. होडी आधी हललीच नाही. मग ओंडक्यांवरून हळूहळू मागे सरकली, मागचं टोक पाण्यात उतरलं आणि ती थोडी तिरकी होऊन अडकली, अर्धी पाण्यात, अर्धी चिखलात. माझ्या हिशेबात हे तिरकं होणं नव्हतं. ओहोटी लागली की ती कुशीवर आडवी होणार आणि मागच्या फळ्या फुटणार, हे मलाही दिसत होतं.

भिकू हात न धुता पळत आला. मागून दीपेश स्कूटरवर. हा कुठल्याही प्रसंगी कसा पोहोचतो हे मला अजून कळलेलं नाही.

“काय झालं?” भिकूनं विचारलं.

जळकी टोकं मी मुठीत धरली होती. एकतीस वर्षांत माझी सही असलेला एकही शॅकल तुटला नव्हता.

“तुटला रे,” मी म्हटलं. “माझा शॅकल तुटला.”

दीपेश लगेच म्हणाला, चिकटद्रव्य कमी पडलं, मी सांगितलंच होतं. ते वाक्य संध्याकाळपर्यंत नागावभर झालं. आता गावात एखाद्याचा जावई ऐन वेळी आला नाही तरी ‘चांगदेवचा शॅकल’ म्हणतात. मी ऐकून घेतो. खरं काय ते मी, कृष्णाबाई आणि सोनाबाई या तिघांनाच माहीत आहे, आणि आता तुम्हाला.

भिकू माझ्याकडे बघत राहिला, मग पाण्याकडे. “तासभर पानी हाय,” एवढंच म्हणाला. सोनाबाई तोवर उठली होती. घरोघर फिरायला वेळ नव्हता, म्हणून ती काठावर उभी राहून एकेका घराचं नाव घेऊन ओरडत होती. होडी काढायची हाय, याऽऽ. सत्तर वर्षांच्या बाईच्या छातीत एवढा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. दारं उघडली. माणसं ताटावरून उठून आली, बायका आल्या. भिकूनं दोर आणून कड्यात बांधला. मी दीपेशच्या स्कूटरची चावी फिरवली आणि त्याला म्हटलं, समुद्रावर जा आणि शिवदासला घेऊन ये, एक शब्द जास्त बोलू नकोस. त्यानं ऐकलं, हे त्याचं माझ्यावर ऋण आहे.

माणसं दोराला लागली. पहिला भिकू. त्याच्या मागची जागा सोडून बाकीचे उभे राहिले. कोणी कोणाला तसं सांगितलं नव्हतं. पाणी खाली जायला लागलं होतं. भिकू दोर धरून नुसता उभा होता, हाळी देत नव्हता, आणि ओढू या म्हणून कोणी घाईही करत नव्हतं. मी सगळ्यात शेवटी उभा होतो.

स्कूटर आली. शिवदास उतरला, ओल्या चड्डीवर, गळ्यात शिट्टी. काठावरून त्यानं होडी पाहिली, आईकडे पाहिलं, आणि खाली येऊन आपल्या जागेवर दोर धरला. भिकूनं मागे वळून पाहिलं नाही.

“हैऽऽ.”

शिवदासनं ओले पाय चिखलात रोवले. मग आलं, “होऽऽ.”

होडी हलली. पुन्हा हाळी, पुन्हा ओढ. लोखंडाच्या आणि दोरीच्या शॅकलांबद्दल मी एवढं लिहिलं, पण चाळीस माणसांबरोबर दोर ओढणं काय असतं ते मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. तिसऱ्या ओढीला माझ्या तळहाताचं कातडं निघालं. सोडायची सोय नव्हती, पुढचा माणूस ओढत होता. होडी सरळ झाली, चिखलातून निघाली, ओंडक्यांवर चढली. अर्ध्या उतारावर एक ओंडका निसटून गडगडत खाली आला आणि भिकू ओरडला.

“शिवा, पाय संबाळ. ओंडका हाय.”

“व्हय, दादा.”

दोरावर कोणी मान वर केली नाही. सगळे आपापल्या हातांकडे बघत होते. सहा वर्षांनी झालेलं बोलणं ओंडक्याबद्दल होतं, पण ते हाळीच्या बाहेरचं होतं. माझ्या पुढच्या माणसानं खांद्याला नाक पुसलं. माझेही डोळे भरले होते, आणि त्याचं कारण तळहात नव्हते.

होडी वर आली. पुढचे लोक बुंध्याच्या दोन्ही बाजूंनी मागे गेले, आणि तिचं नाक उंडीच्या झाडाला टेकलं. भिकू म्हणाला, बास. दोर सैल पडला, लोक हात झटकू लागले. शिवदासनं दोर खाली ठेवला आणि शिट्टी नीट केली. तो निघणार होता.

“अजून जराशी वर घ्या,” सोनाबाई म्हणाली.

भिकू तिच्याकडे वळला. “आये, झाड लागलं.”

“जराशी.”

भिकूनं झाडाकडे पाहिलं. मग खांद्यावरच्या टॉवेलानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं, आणि वाकून दोर उचलला. शिवदासनं उचलला. मग एकामागून एक सगळ्यांनी उचलला. मीही उचलला.

“हैऽऽ.”

“होऽऽ.”

आम्ही ओढलं. होडी हलली नाही, तिला हलायला जागाच नव्हती. भिकूनं पुन्हा हाळी दिली, शिवदासनं पुन्हा घेतली, आणि चाळीस माणसांनी पुन्हा जीव खाऊन ओढलं. सोनाबाई पाटीवर बसून होती. तिनं डोळे मिटले होते. ती बास म्हणेपर्यंत आम्ही ओढत राहिलो.